मालवणपासून अकरा किलोमीटर

१५ जानेवारी २०२५, बुधवार. रेल्वेत

नागपूरहून गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा गडचिरोली आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. वेळ लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्त होऊन सात महिने झाले तरी ही सवय गेलेली नाही, म्हणून ही वही.

समुद्र पाहायला चाललोय. मला पाहायचा नव्हता. रंभाचं म्हणणं, लग्नाला चौतीस वर्षं झाली, चामोर्शीच्या बाहेर कुठं नेलं नाही. मी म्हटलं, रामटेकला नेलं होतं. ती म्हणाली, "तुमची ड्युटी होती त्या गाडीवर."

प्रफुल, म्हणजे आमचा मुलगा, नागपुरात बँकेत आहे. त्याने मायचं ऐकून तिकिटं काढली. मालवण. जाणं आज, येणं पुढच्या गुरुवारी. मी म्हटलं, चार दिवस पुरे झाले असते. तो म्हणाला, "गाडी हप्त्यातून दोनदाच आहे, बाबा." वेळापत्रकापुढे माझं काही चालत नाही हे त्याला ठाऊक आहे.

सगळ्यात राग सामानाचा. दोन माणसांना चार पिशव्या. एकीत पाच किलो एचएमटी तांदूळ. समुद्रावर तांदूळ घेऊन कोण जातं? दुसरीत गूळ, डिंक, मेथ्या, खोबरं. विचारलं तर म्हणते, गुडघे दुखतात, लाडू करीन. लॉजवर चूल कोण देणार हिला? तिसरीत तिची जुनी लुगडी, धुऊन धुऊन मऊ पडलेली, सहा. नवी साडी एकच. म्हटलं, परदेशी लोक येतात तिथं, जरा बरं नेस. तर खिडकीबाहेर पाहत बसली.

वर्धा आल्यापासून दोनदा फोन घेऊन डब्याच्या दाराशी गेली. कोणाशी बोलते विचारलं. "प्रफुलशी," म्हणाली. प्रफुलशी बोलायला दाराशी कशाला जावं लागतं कळत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार. मालवण

गाडी कुडाळला पंचावन्न मिनिटं उशिरा. तिथून मालवणची बस. बसस्थानकावरून लॉजवर येईपर्यंत नऊ जणांनी अडवलं. पाण्याखाली चला, किल्ल्यावर चला, डॉल्फिन बघा, खोली बघा. खोली तर आहे म्हटलं तर दुसरी बघा म्हणतात. लॉजसमोर लाउडस्पीकर. शेजारच्या खोलीत पुण्याची दहा पोरं.

समुद्र पाहिला. वैनगंगेला मोठा पूर आला की पलीकडचा काठ दिसत नाही, तसंच आहे. फक्त इथे रोजच पूर.

रंभाने पाहिला आणि पिशवीतून फोन काढला. इतक्या लांब येऊन निदान बरं वाटलं म्हणावं माणसाने.

१७ जानेवारी, शुक्रवार

किल्ल्याच्या होडीसाठी एक तास चाळीस मिनिटं रांगेत. रांग कशी लावावी हे कोणाला कळत नाही. माझ्या आगारात अशी रांग असती तर मी खिडकी बंद करून बाहेर आलो असतो. शेवटी रंभालाच चक्कर आल्यासारखं झालं आणि आम्ही परत फिरलो. दुपारी जेवायला गेलो तर टेबलाच्या मागे उठण्याची वाट पाहत लोक उभे. घास गळ्याखाली उतरत नाही असं कोणी पाठीशी उभं असलं की.

मी म्हटलं, याच्यापेक्षा आपला मार्कंड्याचा नदीकाठ बरा, निदान बसायला जागा मिळते.

तेव्हा ती म्हणाली, "एक शांत जागा हाये म्हणते इथी. खारेवाडी. अकरा किलोमीटर."

"तुले कोणं सांगतलं?"

"सांगतलं कोणीतरी."

दिवसभर तर माझ्याजवळ होती. कोणी सांगितलं कोण जाणे.

१८ जानेवारी, शनिवार

खारेवाडीची बस सकाळी ९:२० ची, सुटली ९:४१ ला. चालकाला मी माझी ओळख सांगितली. त्याला काही वाटलं नाही.

जागा खरंच शांत आहे. रस्ता संपतो तिथे बसथांबा, मग सुरूची झाडं, मग वाळू. एका टोकाला काळे खडक, दुसऱ्या टोकाला दोन होड्या उलट्या घालून ठेवलेल्या. माणूस नाही. कोणी काही विकत नाही. पाणी येतं आणि जातं. इतकी शांतता की मला पहिला अर्धा तास काही चुकतंय असंच वाटत होतं. मग चपला काढल्या.

सुरूच्या सावलीत एक छोटी खाणावळ आहे, पाच टेबलं. चालवणारा माणूस तिशी-बत्तिशीचा, सावळा, दाढी राखलेला. हिंदीत बोलतो. मी मालवणी माणसाचं हिंदी ऐकलंय दोन दिवस, हे त्याहून बरं आहे. आपल्या नागपूरकडच्यासारखं. आम्ही उतरलो तसा तो धावत आला आणि रंभाच्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या. हो, तिने तांदळाची आणि गुळाची पिशवी इथेही आणली होती. मला विचारलं असतं तर मी आणू दिली नसती, म्हणून विचारलं नाही.

जेवण चांगलं. मी मासे नकोत म्हटलं तर त्याने वरण-भात आणून दिला. वरणात लसणाची फोडणी, सोबत ठेचा. कोकणात असा ठेचा मिळेल असं वाटलं नव्हतं. त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "घर में बनाते हैं, काका."

जेवण झाल्यावर मी खुर्चीतच झोपलो. उठलो तेव्हा २:३५ झाले होते आणि रंभा नव्हती. ती ३:१० ला आली, खाणावळीमागच्या नारळाच्या बागेतून. तिथे एक घर आहे, तिथल्या बाईशी ओळख झाली म्हणे. ओळख करायला हिला वेळ लागत नाही. परत निघालो तेव्हा पिशव्या नव्हत्या. विचारलं तर, "वजन कोण वाहीन, ठेवल्या तिथी." अनोळखी माणसाच्या घरात पाच किलो तांदूळ ठेवून आली.

१९ जानेवारी, रविवार

आज पुन्हा खारेवाडी. मला मालवणात एक काम होतं, चष्म्याची काडी सैल झाली आहे, पण रंभा सकाळी सात वाजताच तयार होऊन बसली.

बसथांब्यावर वेळापत्रकाचा फळा आहे. पाचही वेळा चुकीच्या. मी काल-आज ज्या वेळा टिपल्या होत्या त्या आणि चालकाला विचारलेल्या मिळवून एक नवीन वेळापत्रक केलं. खाणावळवाल्याने पुठ्ठा आणि मार्कर दिला, उन्हात डोळ्यांवर हात धरून माझ्या शेजारी उभा राहिला. माझं अक्षर चांगलं आहे, गडचिरोलीत साहेब लोकही पाट्या माझ्याकडून लिहून घेत. पूर्ण झालं तेव्हा त्याने ते भिंतीवर खिळ्याने ठोकलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"बहुत बढ़िया, काका. कोई पूछता है तो मुझे रोज झूठ बोलना पड़ता था."

मला बरं वाटलं हे लिहून ठेवतो. निवृत्त झाल्यापासून माझ्या हातून कोणाच्या उपयोगाचं काही झालं नव्हतं. प्रफुलने असं उभं राहून माझं काही पाहिलं नाही कधी.

रंभा ११ ते ३:४०. पुन्हा त्याच बाईकडे.

२० जानेवारी, सोमवार

भांडण झालं. मी म्हटलं, समुद्र पाहायला आली तू, आणि समुद्राकडे पाठ करून एका घरात जाऊन बसतेस. ती केस विंचरत राहिली. मी म्हटलं, मीही येतो, कोण बाई आहे पाहू. ती एकदम म्हणाली, "नाई. तिले दिवस गेले हायेत. अनोळखी माणसापुढे येत नाई ते."

ठीक आहे. दुसऱ्याच्या घरात घुसायची मला हौस नाही.

दुपारी खुर्चीत पेपर वाचत होतो. खाणावळवाला रोज माझ्यासाठी मालवणहून पेपर मागवतो आता. नारळाच्या बागेकडून कोणी तरी हसलं. लांबलचक, मध्येच श्वास घेऊन पुन्हा. मी पेपर खाली केला. थोडा वेळ कान देऊन बसलो. नंतर फक्त पाण्याचा आवाज. उन्हाने असे भास होतात कधी कधी. तीच ओळ तीनदा वाचली आणि पेपर ठेवून दिला.

भात आज जास्त मऊ होता, आपल्याकडच्यासारखा. कोकणात जाडा उकडा तांदूळ खातात ऐकलं होतं. त्याने आमचाच तांदूळ शिजवून आम्हाला वाढला असेल तर तो पक्का व्यापारी आहे. रंभाला म्हटलं तर ती हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी पुढे बोललो नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मी नको ते बोललो की काय, कळत नाही. लिहून पाहतो.

गिऱ्हाईक नव्हतं. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. चहा दिला. म्हणाला, "बच्चे कितने हैं, काका?" मी म्हटलं, एक मुलगा. मग काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, एक मुलगी होती, गेली.

"गुजर गयी?"

"आमच्यापुरती."

मग सांगत गेलो. सहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे सगळ्यांना माहीतच आहे. नागपुरात शिकायला ठेवली, तिने गडचांदूरच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा बौद्ध. आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. लटारूभाऊंनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं की तिचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. मी मान हलवली. प्रफुलच्या लग्नपत्रिकेतून तिचं नाव मी माझ्या हाताने खोडलं.

त्या मुलाबद्दलही बोललो. म्हटलं, असली पोरं हुशार असतात, पोरीच्या बापाची नोकरी पाहतात, जमीन पाहतात. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या धुळीत वाढलेलं, त्याला काय कळणार घराणं. अजून बरंच बोललो. सगळं लिहीत नाही.

तो ऐकत होता. चहाचा पेला त्याच्या हातात तसाच. मग म्हणाला, "तुमी पाह्यलं का त्याले कधी?"

मी म्हटलं, "कशाले पाहू?"

"मंग तुमाले कसं माईत, तो काय पाहून राह्यला होता ते?"

मी काही बोलायच्या आत तो उठला, आत गेला, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि मग बराच वेळ दिसला नाही.

एक गोष्ट नंतर बसमध्ये लक्षात आली. तो हे हिंदीत बोलला नाही. 'तुमाले' म्हणाला. आमच्याकडचं गिऱ्हाईक येत असेल, त्यांच्याकडून शिकला असेल. हॉटेलवाल्यांची जीभ अशीच असते.

पण मनाला लागलं. परक्या माणसाने मला असं विचारावं? रंभाला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपली नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार

अक्षर वाईट येतंय.

आजचा शेवटचा दिवस. उद्याची गाडी. रंभाने सकाळी तिची राहिलेली बॅगही बसमध्ये घेतली. मी म्हटलं, उद्या निघायचं, आज सामान कशाला? म्हणाली, काही द्यायचं आहे त्या बाईला.

शेवटची बस ५:१० ची. पावणेपाचला मी म्हटलं, चल. ती वाळूत बसली होती. म्हणाली, "तुमी जा. मी नाई येत."

"म्हणजे?"

"उर्वशीचे दिवस भरले हायेत. दहा-बारा दिवसांत होईन. मी तिच्यापाशी राहीन."

मी म्हटलं, "कोण उर्वशी?" हे मी म्हणालो. लिहायला नको वाटतं, पण म्हणालो.

रंभा उभी राहिली. लुगड्याची वाळू झटकली. "पाच दिवस तिच्या हातचा भात खाऊन राह्यले तुमी. कोण उर्वशी म्हणता?"

मागे ताटं ठेवल्याचा आवाज झाला. तो खाणावळवाला उभा होता.

मी विचारलं, "तुझं नाव काय?"

"नागसेन."

"गाव?"

"गडचांदूर. बाबा तिथीच होते, सिमेंटच्या कारखान्यात. देवराव त्यायचं नाव."

"पाच दिवस झाले. काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई, काका. गाव नाई, नाव नाई. मी वाट पाहत होतो, कधी इचारता म्हणून."

मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं. पाय वाळूत नीट उचलले जात नव्हते. काल मी या माणसासमोर बसून काय काय बोललो होतो ते सगळं डोक्यात एकदम आलं. त्याने मला पाण्याचा तांब्या आणून दिला होता. याचा राग सर्वांत जास्त आला.

मी रंभाला म्हटलं, "मले फसवून आणलं तू. पोरानं, मायनं, मिळून."

"मले एकटीले येता येत होतं," ती म्हणाली. "प्रफुलबी सोडून देत होता. तुमाले आणलं मी. एक दिवस तरी तुमी मागच्या घराकडे चालत जाल म्हटलं. चाळीस पावलं हाये. मी मोजली."

तेव्हा नारळाच्या बागेच्या तोंडाशी ती दिसली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने झाड धरलेलं. सहा वर्षांत भरली आहे अंगाने. का दिवसांमुळे असेल. ती पुढे आली नाही. मी पाहिलं आणि बसथांब्याकडे चालायला लागलो.

बस पाच दहाची, आली ५:५२ ला. बेचाळीस मिनिटं मी थांब्यावर उभा होतो, त्यांच्याकडे पाठ करून, मीच दुरुस्त केलेली वेळ खोटी ठरताना. जायला दुसरा रस्ता नाही. त्या बेचाळीस मिनिटांत कोणीही मला हाक मारली नाही. मारली असती तर मी वळलो असतो की नाही, माहीत नाही. मारायला हवी होती.

२४ जानेवारी, शुक्रवार. रेल्वेत

शेजारच्या बर्थवर रंभाऐवजी नाशिकचा एक माणूस. सारखा विचारतो, एकटेच का? एकटाच.

रात्रभर एक गोष्ट आठवत होती. त्या गोष्टीबद्दल मी कुठल्याच वहीत कधी लिहिलं नाही, त्या दिवशीही नाही. चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मी गडचिरोलीला नियंत्रण कक्षात होतो. खिडकीवर गर्दी. एक आवाज आला, "चंद्रपूरची गाडी किती वाजता हाये?" मी पोरीचा आवाज ओळखला. मान वर केली नाही. रजिस्टरमध्ये पाहत म्हटलं, "दोन दहा. फलाट तीन." ती गेली नाही. पुन्हा विचारलं, "दोन दहाचीच हाये का? आधी नाई?" मी म्हटलं, "नाई." मागच्या माणसाने धक्का दिला असेल, मग ती बाजूला झाली. दोन दहाची गाडी मी खिडकीतून सुटताना पाहिली. ती त्यात बसली नाही. तिला चंद्रपूरला जायचंच नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी रंभाला सांगितलं नाही. तिला माहीत होतं की काय, आता वाटतं.

२५ जानेवारी, शनिवार. चामोर्शी

सकाळी पोचलो. शेजारची सुकरी अंगण झाडत होती. "बाई कुठी हायेत, भाऊ?" मी म्हटलं, प्रफुलकडे, नागपूरले. राहील काही दिवस.

तोंडातून निघून गेलं. आता तेच सांगत राहावं लागेल.

भात लागला. खालचा करपला, वरचा कच्चा. हा एवढा साधा पदार्थ आहे.

२७ जानेवारी, सोमवार

सुकरी म्हणाली, प्रफुलची बायको आजारी आहे का? मी हो म्हटलं. मग काय झालं? ताप. डॉक्टरला दाखवलं का? दाखवलं. मी सुनेला अंथरुणात घातलं, एका खोट्यासाठी. संध्याकाळी लटारूभाऊंचा माणूस आला, सुनेची तब्येत कशी आहे विचारायला. चामोर्शीत बातमी एसटीपेक्षा लवकर पोचते.

रंभाचा फोन नाही. मी केला नाही. फोन चार्ज करून उशाशी ठेवतो आणि वाजला नाही म्हणून चिडतो. हा काय प्रकार आहे?

३० जानेवारी, गुरुवार

प्रफुलने फोन केला. मी त्याला खूप बोललो. तो शांत ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, मी दर दिवाळीत तिच्याकडे जातो. पाच वर्षं झाली. तुम्हाला वाटतं मी ऑफिसच्या टूरवर असतो."

म्हणजे घरात सगळे जाऊन येऊन होते. नाव फक्त मीच टाकलं होतं.

त्याला म्हटलं, तो कसा आहे? कोण, तो म्हणाला. मी म्हटलं, तो. प्रफुल म्हणाला, "नाव घ्या म्हणजे सांगतो." मी फोन ठेवला. पोटच्या पोराने मला अट घालावी.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलगी झाली. कुडाळच्या दवाखान्यात. प्रफुलने कळवलं. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, दोघी ठीक आहेत. मी म्हटलं, बरं.

फोन ठेवून अंगणात आलो. सुकरी पलीकडे धान वाळत घालत होती. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सुकरीने विचारलं, "सूनबाईचा ताप उतरला का, भाऊ?" मी म्हटलं, उतरला.

आत येऊन बसलो. नातीची बातमी आणि मी सुनेच्या तापाचं सांगतोय. असं वाटलं, तोंडात माती आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लटारूभाऊंच्या नातवाचं लग्न आहे महिनाअखेर. छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला होता. शुद्धलेखन पाहायला मला बोलावलं, दरवेळी मलाच बोलावतात. त्यांच्या ओसरीत पाच-सहा जण होते, सगळे घरातलेच. भाऊ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो, त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्यासमोर मी अजून मांडी घालून बसतो.

वाचत गेलो. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, एक आडनाव. नावांची यादी आली. काका, काकू, आत्या, त्यांचे यजमान, मुलं. माझं, रंभाचं, प्रफुलचं, सुनेचं.

मी म्हटलं, "भाऊ, एक नाव राह्यलं."

"कोणतं?"

मी कागद मांडीवर सपाट केला. साठीला टेकलेल्या माणसाला मोठ्या भावाची अशी भीती वाटते हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

"उर्वशी," मी म्हटलं. "अन् तिच्या मालकाचं. नागसेन."

भाऊंनी चष्मा काढला. "रामा, घरी बायको नाई म्हणून डोस्कं फिरलं का तुझं?"

"रंभा नागपूरले नाई. पोरीपाशी हाये, कोकणात. सून ठणठणीत हाये, मी खोटं बोललो. उर्वशीले परवा पोरगी झाली."

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. मी मान हलवली होती."

"मंग?"

"मंग काय, भाऊ. सहा वर्षं हालवून राह्यलो. आता दुखते."

ते मोठ्याने बोलले नाहीत. कधीच बोलत नाहीत. म्हणाले, "पत्रिकेत जागा नाई."

मी खिशातला पेन काढला. "जागा करून देतो," म्हटलं आणि माझ्या नावावर रेघ मारली. नीट मारली, अक्षर दिसणार नाही अशी. मग दोन्ही वेलांट्या दुरुस्त केल्या, आडनाव दुरुस्त केलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. माझा हात धरतील असं वाटलं. त्यांनी कागद घेतला.

रस्त्यात मला रडू आलं नाही, राग आला. पन्नास वर्षांचं नातं एका रेघेत गेलं, आणि त्यांनी थांब सुद्धा म्हटलं नाही. मग वाटलं, मी तरी खिडकीवर काय म्हटलं होतं?

घरी येऊन शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. वेटिंग त्रेचाळीस. रंभाला फोन लावला. उचलला त्याने.

"आई झोपल्या हायेत," तो म्हणाला. "दोन रात्रीचं जागरण हाये त्यायचं. उठवू का?"

"नको उठवू." मी भिंतीला टेकलो. "नागसेन," मी म्हटलं.

"हो."

"त्या दिवशी मी जे बोललो."

लांब कुठेतरी लहान लेकरू रडत होतं, चिरक्या आवाजात. "ते मी इसरीन, असं नाई सांगत," तो म्हणाला. "पण तुमी या."

"शनिवारची गाडी हाये. वेटिंग त्रेचाळीस."

"होऊन जाईन. नाई झालं तरी या. मी कुडाळले येतो घ्याले."

"पोरीचं नाव काय ठेवलं?"

"नाई ठेवलं अजून. उर्वशी म्हणते थांबा."

"कशाले थांबा?"

लेकरू रडतच होतं, आणि मी फोन कानाला लावून तसाच उभा होतो, किती वेळ ते पाहिलं नाही.

आता दिवेलागण झाली आहे. दुपारपासून नातीसाठी नावं लिहून पाहतोय. पान भरलं. एकही पटत नाही.